बाळाची जन्मानंतर तपासणी झालेली नसेल, तर सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं आणि पचनसंस्थेत घट्ट, चिकट स्राव साचवणारा आनुवंशिक आजार) लवकर कसा ओळखावा?
खोकला हटत नाही आणि भरपूर खाऊनही वजन वाढत नाही, असं दोन्ही दिसलं तर ‘बाळदमा असेल’ म्हणून थांबू नका. पापा घेताना कपाळ खारट लागतं का? शी तेलकट, फार घाण वासाची होते का? गोव्यातल्या एप्रिल-मेच्या घामात अशा बाळांच्या अंगातलं मीठ झपाट्याने कमी होतं. मग उलट्या, मरगळ, आणि घरचे समजतात ऊन लागलं. तेव्हा रक्तातलं सोडियम-क्लोराइड तपासायला सांगाच.

निदान होतं घामाच्या तपासणीवर, त्यात सुई टोचत नाही. घामातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट. ३० ते ५९ असेल तर पुन्हा तपासणी आणि जनुकचाचणी. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात दाखवून घ्या.