अंगणाखालची नळाची लाइन: वाचकांचे प्रश्न

मीटरपासून टाकीपर्यंत जमिनीखालून गेलेल्या पाइपाबद्दल नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

आमचं रो-हाऊस आहे. मीटर गेटजवळ, जमिनीखालची टाकी मागच्या बाजूला. दोन महिन्यांपासून टाकी भरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, मीटरचे आकडे मात्र वाढलेत. अंगणात ओल कुठेच नाही. खोदल्याशिवाय गळती कळेल का?
– वाचक, इंदिरानगर

कळेल, आणि कुदळ मारण्याआधीच कळायला हवी. तपासणी पाणी सुरू असतानाच करायची. पाणी आल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, लाइनीतली हवा निघून जाते. मग टाकीजवळचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा आणि मीटरच्या काचेखालची छोटी चांदणी पाहा (काही मीटरमध्ये ती त्रिकोणी असते). ती हळू का होईना फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामधे पाणी जमिनीत जातंय. नुसत्या बॉलकॉकवर विसंबू नका, तो बंद दिसला तरी झिरपतो. व्हॉल्व्ह नसेल तर पाइपाच्या टोकाला कॅप लावून बघा.

किती जातंय तेही मोजता येतं. टाकीच्या टोकाशी 10 लिटरची बादली भरा आणि तेवढ्या वेळात मीटर किती लिटर पुढे सरकला ते कुणाला तरी बघायला सांगा. बादलीत 10 आणि मीटरवर 14 आले, तर 4 लिटर वाटेत गेले. व्हॉल्व्ह बंद असताना लाइनीत दाब वाढतो, त्यामुळे तेव्हा गळती याहून जास्त असते.

ओल वर दिसत नाही याचं कारण जमिनीत आहे. आपल्याकडे बऱ्याच प्लॉटमध्ये काळ्या मातीच्या थराखाली मुरूम आणि त्याखाली खडक लागतो. पाणी मुरमात उतरतं आणि खडकाच्या उतारानं निघून जातं. कधी ते सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरतं. पाणी येण्याच्या वेळी घरातले सगळे नळ बंद ठेवून चेंबरचं झाकण उचला. आत स्वच्छ पाण्याची बारीक धार सतत येत असेल तर गळतीची वाट सापडली.

जागा शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. पहाटे आजूबाजूला शांतता असताना लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर किंवा उघड्या पाइपावर टेकवा आणि दुसरं कानासमोरच्या हाडाला लावा. गळतीचा सूं-सूं आवाज सळईतून स्पष्ट येतो. जिथे तो सर्वात मोठा, तिथून खोदायला सुरुवात करा. एल्बो (वळणाचा जोड), कंपाउंडच्या भिंतीखालची जागा आणि गाडीच्या उताराची कड ही ठिकाणं आधी तपासा. ही युक्ती लोखंडी पाइपावरच चालते, प्लास्टिकमध्ये आवाज फार लवकर विरतो.

चांदणी अजिबात हलत नसेल आणि तरी धार बारीक असेल, तर दोष गळतीचा नाही. जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद झालेला असतो किंवा मीटरच्या तोंडाची जाळी तुंबलेली असते. मीटरचं सील मात्र स्वतः तोडू नका, पाणीपुरवठा विभागाला कळवा.

सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं नळाला गढूळ आणि वासाचं पाणी येतं, मग स्वच्छ येतं. पहिलं पाणी सोडून दिलं तर चालेल ना?
– वाचक, जुने नाशिक

नाही चालणार. हा प्रश्न आम्हाला सर्वात गंभीर वाटतो. लाइनीत दिवसातून तास-दोन तासच दाब असतो, उरलेला वेळ ती जवळजवळ रिकामी असते. पाइपाला भोक असेल तर पाणी चालू असताना ते बाहेर जातं आणि बंद झालं की बाहेरचं पाणी आत येतं. जुन्या गल्ल्यांमध्ये नळाचा पाइप गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेला असतो, म्हणजे आत काय येतं ते सांगायला नको. पहिलं पाणी सोडल्यानं वास जातो, जंतू जातातच असं नाही. जुलाब, टायफॉइड, कावीळ हे आजार याच वाटेनं घरात येतात.

आजपासून पिण्याचं पाणी खळखळून उकळा. लाइनीला थेट मोटर लावलेली असेल तर ती आजच काढा. थेट मोटर पाइपात उणा दाब तयार करते आणि प्रत्येक सैल जोडातून घाण ओढून घेते, तुमच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या लाइनीतूनही. तशी मोटर लावायला मनाईच आहे. मोटर बसवायची ती टाकीवर.

मग शेजारी विचारा. सगळ्या गल्लीत हाच त्रास असेल तर दोष मुख्य वाहिनीत आहे, सर्वांनी मिळून विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. तुमच्या एकट्याकडे असेल तर गटार ओलांडणारा तुमचा पाइप फुटलेला आहे असं धरून चाला. क्लोरीन तपासायची ओटी चाचणीही मदतीला येते. मीटरजवळच्या नमुन्याला पिवळा रंग आला आणि घरातल्याला आला नाही, तर मधल्या पाइपात घाण शिरून क्लोरीन संपतंय. अशा ठिकाणी तुकडा जोडू नका. लाइन गटारातून उचलून दुसऱ्या बाजूनं घ्या. गटार ओलांडणं टळतच नसेल तर पाइप गटाराच्या वरून, निदान फूटभर अंतर राखून, अखंड स्लीव्हमधून (बाहेरून घातलेल्या मोठ्या पाइपातून) न्या. तेवढ्या भागात एकही जोड नको.

दुरुस्तीनंतर टाकी घासून धुवा, पुन्हा भरा आणि 500 लिटरला 75 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरा. पावडर आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. रात्रभर ठेवा, ते पाणी कशालाही न वापरता सोडून द्या आणि टाकी दोनदा खंगाळा. उघड्या पिशवीत पडून राहिलेल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

सिडकोतलं स्कीमचं घर आहे, जीआय लाइन पंचवीसेक वर्षांची. वर्षभरात तीनदा गळली. प्लंबर प्रत्येक वेळी तुकडा कापून सॉकेट लावतो. पूर्ण बदलावी का? कोणता पाइप घ्यावा? लांबी अंदाजे 18 मीटर.
– वाचक, नवीन नाशिक

बदला. जीआय पाइपाला गंजापासून वाचवतो तो जस्ताचा थर. आटे पाडताना तो थर कापला जातो आणि पाइपाची भिंतही तिथेच सर्वात पातळ होते, म्हणून गळती जवळपास नेहमी जोडापाशी सुरू होते. प्रत्येक दुरुस्तीत दोन नवे आटे पडतात आणि पाना लावून पिळताना पुढचा गंजका जोड हलतो. तीन महिन्यांनी तो गळतो. त्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ताठ पाइपाला वर्षातून दोनदा वाकवते. अपघातानं कुदळ लागून एकदाच भोक पडलं असेल तर तुकडा बदलणं योग्य. सायकलची ट्यूब किंवा रबरी क्लॅम्प आजची रात्र काढायला ठीक, त्यावर माती लोटू नका.

पाइप निळा एमडीपीई (लवचीक प्लास्टिकचा) घ्या, पीएन 16 या दाबाच्या दर्जाचा. तो गुंडाळीत येतो, त्यामुळे 18 मीटरमध्ये जमिनीखाली एकही जोड ठेवावा लागत नाही. जीआय 6 मीटरच्या लांबीत येतो, म्हणजे सरळ लाइनीलाही दोन जोड आले, शिवाय एल्बो. मीटरपुढची लाइन 20 ऐवजी 25 मिमीची टाका. मिनिटाला 15 लिटर पाणी वाहताना 20 मिमीच्या पाइपात 18 मीटरमध्ये सुमारे 2 मीटर उंचीचा दाब खर्च होतो, 25 मिमीमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. दाब कमी असलेल्या भागात हा फरक टाकी भरताना जाणवतो. पाइप 20 मीटर घ्या, दोन्ही टोकांना वळवायला जास्तीचा लागतो.

सामान थोडंच आहे: बाहेरून आटे असलेले 25 मिमीचे दोन कॉम्प्रेशन अडॅप्टर (नट आवळून पाइप धरणारे जोड), दोन पितळी बॉल व्हॉल्व्ह (एक मीटरनंतर, एक टाकीजवळ), एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा), एक युनियन (लाइन न कापता खोलता येणारा जोड), मीटरच्या अर्ध्या इंचाशी जुळवायला रिड्युसर, टेफ्लॉन टेप, आणि गाडीच्या उताराखाली घालायला 50 मिमीचा पीव्हीसी पाइप स्लीव्ह म्हणून. प्लास्टिकच्या आतल्या आट्यात लोखंडी निपल कधीही पिळू नका, आज नाही तर महिन्याभरात प्लास्टिकचा जोड चिरतो. बाहेरचे आटे प्लास्टिकचे आणि आतले पितळेचे, असंच जुळवा.

चर एक फूट रुंद आणि दोन फूट खोल, गाडी जाते तिथे तीन फूट. तळाशी 10 सेंमी चाळलेली वाळू, पाइपावर आणखी 15 सेंमी. 18 मीटरला वाळू साधारण अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागते. वरचा भाग मुरमानं भरायचा, त्याला पाऊण ब्रास धरा. खोदलेली काळी माती परत चरात लोटू नका. मजुरांना ते सोपं पडतं, म्हणून उभं राहून बघावं लागतं. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरात पाणी मारून धुम्मसानं ठोका. नाहीतर पहिल्या पावसात पेव्हर ब्लॉक खचतात.

पाइप ताणून टाकू नका, सापासारखा किंचित नागमोडी टाका. मे महिन्याच्या दुपारी तापलेला पाइप सरळ बसवला आणि जमिनीत तो 20 अंशांनी थंड झाला, तर 18 मीटरमागे सुमारे 7 सेंमी आखडतो आणि टोकाच्या जोडातून निसटू पाहतो. शेवटचे जोड सकाळी करा. वळण हातभर मोठं ठेवा: 25 मिमीच्या पाइपाला 60 सेंमीहून कमी त्रिज्या नको, चिमटला तर तो भाग कापून टाकायचा.

जोड करताना सगळं कौशल्य कापण्यात आहे. हॅक्सॉनं तिरका कापलेला, कडेला प्लास्टिकचे तंतू लोंबणारा पाइप आत ढकलला की तंतू ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला) चिरतात आणि पहिल्या दिवसापासून थेंब सुरू होतो. पाइप कटरनं काटकोनात कापा, बाहेरची कड ब्लेडनं उतरवा आणि पाइप किती आत जायला हवा तिथे पेनानं खूण करा. मग साबणाच्या पाण्यात बुडवून खुणेपर्यंत दाबा. ओ-रिंगपाशी आधी एकदा अडतो, तिथेच थांबलेला पाइप वरून बसल्यासारखा दिसतो. टेफ्लॉन कॉम्प्रेशनच्या नटावर नाही, धातूत जाणाऱ्या आट्यांवरच लावायचं, आट्यांच्या दिशेनं, दहा-बारा वेढे.

चर बुजवण्याआधी चाचणी घ्या. टेस्टिंग पंप भाड्यानं मिळतो. लाइन पाण्यानं भरून दाब 6 किलोपर्यंत न्या. काटा पहिल्यांदा थोडा खाली येईल, कारण हा पाइप किंचित फुगतो. पुन्हा पंप मारा, त्यानंतर अर्धा तास काटा जागचा हलता कामा नये. मग टेप पसरून भिंतीपासूनच्या अंतरासह फोटो काढून ठेवा. जमिनीवर येणारं टोक उन्हात उघडं ठेवू नका. निळा पाइप उन्हानं ठिसूळ होतो, तेवढा उभा तुकडा जीआयचा घ्या.

मीटरच्या अलीकडचा, रस्त्याखालचा पाइप गळतोय. आम्हीच खोदून घेतला तर?
– वाचक, म्हसरूळ

परस्पर खोदू नका. मुख्य वाहिनीवरचं फेरुल (जिथून तुमचा पाइप निघतो तो पितळी जोड) आणि रस्ता, दोन्हींना महापालिकेची परवानगी लागते. विभागीय कार्यालयात अर्ज द्या, काम परवानाधारक प्लंबरकडूनच होतं आणि रस्ता खोदाईचं शुल्क वेगळं भरावं लागतं. अर्ज पावसाळ्याआधी करा, नंतर खोदाईची परवानगी मिळणं अवघड. 2027च्या सिंहस्थाच्या तयारीत तुमच्या रस्त्याचं काँक्रीटीकरण होणार असेल तर जुना जीआय त्याआधीच बदलून घ्या आणि नवा पाइप स्लीव्हमधून टाकायला सांगा. पुढे बदलायची वेळ आली तर काँक्रीट न फोडता ओढून काढता येतो. फेरुल जुनं असेल तर तेही त्याच खड्ड्यात बदला.

पाणी येण्याआधी मीटर गरगर फिरतो. बिल हवेचं येतं का?
– वाचक, नाशिकरोड

रिकाम्या लाइनीतली हवा पुढे ढकलली जाते तेव्हा मीटर फिरतो, हे खरं. टाकीजवळचा व्हॉल्व्ह पाणी आल्यावर उघडायचा ठेवलात तर हवा तुमच्या मीटरमधून जाणार नाही. पाणी गेल्यावर आकडे उलटे फिरताना दिसले तर मात्र तुमच्या पाइपातलं पाणी परत मुख्य वाहिनीकडे ओढलं जातंय. मीटरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, बाण टाकीच्या दिशेला, आणि इनलेटचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाण्याच्या पातळीच्या वर घ्या.