४.९ ची जुनी कॉन्फिग टाकून नव्या कर्नलमध्ये आयपीएक्स परत आणता येईल का?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सचा कर्नल ५.१५ आहे, मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, ॲपलटॉक, एक्स.२५, डेकनेट हे जुने नेटवर्क प्रोटोकॉल दिसतात, पण आयपीएक्स, म्हणजे नोव्हेलच्या नेटवेअर सर्व्हरचा जुना प्रोटोकॉल, कुठेच नाही. ४.९ ची जुनी डॉट कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची फाइल, हाताशी आहे, तर ती टाकून कंपाइल केलं की डॉसवाली मशीन सर्व्हरशी बोलायला लागेल का?

नाही लागणार. एवढ्या शांतपणे उत्तर देतेय याचं माझं मलाच कौतुक वाटतंय, कारण नेमका हाच उद्योग आमच्या सरांनी २०१९ मध्ये केला होता आणि त्याचं खापर माझ्या केबलिंगवर फुटलं होतं.

कारण सोपं आहे. आयपीएक्सचा कोड ४.१५ मध्ये स्टेजिंगमध्ये, म्हणजे कच्च्या किंवा निघायच्या वाटेवरच्या कोडच्या फोल्डरमध्ये, हलवला आणि २०१८ मध्ये, ४.१८ पासून, काढूनच टाकला. सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं, आणि खुद्द नोव्हेलने १९९८ मध्ये नेटवेअर ५ आणलं तेव्हाच टीसीपी/आयपीची वाट धरली होती. डेकनेट तुम्हाला दिसतंय ते ५.१५ आहे म्हणून. ६.१ मध्ये तेही गेलं. एकोनेट हा आणखी एक जुना प्रोटोकॉल तर २०१२ मध्येच गेला होता. म्हणजे तुमचा पर्याय कुठल्या मेनूत लपलेला नाही, तो तिथे नाहीच.

आता आमची गोष्ट. एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी कटिंगची, मशीन होती, तिचा कंट्रोलर डॉसवर चालणारा. कटिंगचे प्रोग्राम तो सर्व्हरवरून उचलायचा. मूळचा नेटवेअर सर्व्हर कधीच निवर्तला होता आणि त्याच्या जागी लिनक्सच्या डब्यावर मार्स-एनडब्ल्यूई, म्हणजे नेटवेअरची नक्कल करणारा प्रोग्राम, बरीच वर्षं बिनबोभाट चालत होता. शनिवारी सरांनी कर्नल ४.९ वरून ४.१९ वर नेला. जुनी कॉन्फिग कॉपी केली, मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवलं, कंपाइल केलं, रीबूट केलं, लॉगिन आलं, घरी गेले.

सोमवारी सकाळी कंट्रोलरच्या स्क्रीनवर फाइल सर्व्हर सापडत नसल्याचा मेसेज. सर म्हणाले, "अगं, केबल बघ आधी." बघितली. पॅचकॉर्ड बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, जॅक नव्याने क्रिंप केले. दुपारी सर्व्हरचा लॉग उघडला तर त्यात स्वच्छ लिहिलेलं: "ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल", एरर ९७. प्रोग्रामने आयपीएक्सचं सॉकेट मागितलं आणि कर्नलने असलं काही माझ्याकडे नाही म्हणून सांगितलं. यात केबलचा संबंध येतो कुठे? मी तसं म्हटलं तर सरांचं एकच पालुपद: "कॉन्फिग जशीच्या तशी उचलली आहे मी."

उचलली होती, खरंच. गंमत त्या पुढच्या कमांडमध्ये आहे. ओल्डडेफकॉन्फिग जुनी फाइल वाचतं आणि जी नावं नव्या कर्नलच्या केकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या यादीत, नाहीत ती गुपचूप गाळतं. एररही नाही, वॉर्निंगही नाही. जुन्या फाइलमध्ये ग्रेप मारलं, म्हणजे नाव शोधलं, तर कॉन्फिग_आयपीएक्स=एम; एम म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा लोड होणारा कर्नलचा तुकडा. नव्या फाइलमध्ये ग्रेप मारलं तर काहीच नाही. हे "काहीच नाही" नीट बघायची गोष्ट आहे. पर्याय नुसता बंद असता तर पुढे हॅश लागून "इज नॉट सेट" अशी ओळ राहिली असती. ओळच नसेल तर दोनच शक्यता: एकतर त्याच्या वरचा पर्याय बंद आहे, नाहीतर कर्नल ते नावच ओळखत नाही. कर्नल बदलला की जुन्या-नव्या कॉन्फिगचा डिफ, म्हणजे फरक, बघायचा, ही सवय मला त्या सोमवारी लागली. सरांना लागली की नाही, ठाऊक नाही.

मेक लोकलमॉडकॉन्फिगही असंच फसवतं. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलं तेवढी ठेवून बाकीची बंद करतं. कंट्रोलर बंद असताना चालवाल तर हवं ते मॉड्यूल हातचं जाईल.

मंगळवारी सरांची नवी कल्पना: जुनी डिस्ट्रो, म्हणजे अख्खं जुनं लिनक्स, कंटेनरमध्ये टाकू. मी म्हटलं, सर, कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो होस्टचाच वापरतो. मग होस्टवर ४.९ परत चढवून सगळं कंटेनरमध्ये घातलं, तरी तोच एरर ९७! कारण आयपीएक्सला नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे कंटेनरला मिळणारं वेगळं नेटवर्क, कधी शिकवलंच नव्हतं. मूळ नेमस्पेस सोडून दुसरीकडून सॉकेट मागितलं की कोड सरळ नकार देतो. एक्स.२५ आणि ॲपलटॉकचंही तेच आहे, म्हणून ते दोघं तुमच्या मेनूत दिसत असले तरी कंटेनरमध्ये चालतील अशी आशा धरू नका.

शेवटी मी केलं ते असं: वेगळी व्हर्च्युअल मशीन, तिच्यात ४.९, नेटवर्क ब्रिज केलेलं, म्हणजे थेट कारखान्याच्या वायरवर जोडलेलं. नॅट, म्हणजे होस्टच्या आयपी पत्त्यामागे लपवणं, चालत नाही, त्यातून आयपीएक्सची फ्रेम पलीकडे जातच नाही. वायफायवरून ब्रिज करायच्याही भानगडीत पडू नका, वायर लावा. मॉड्यूल चढलं, सर्व्हर सुरू झाला, लॉग स्वच्छ.

आणि कंट्रोलरवर पुन्हा तोच मेसेज.

सरांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. "म्हटलं ना, केबल." ही चूक मात्र माझी होती, आणि दहातले नऊजण जिथे अडकतात तिथलीच. इथरनेटवर आयपीएक्स चार वेगवेगळ्या फ्रेममध्ये, म्हणजे पाकिटांच्या साच्यांत, जातं: ८०२.३, ८०२.२, स्नॅप आणि इथरनेट टू. वायर एकच असली तरी फ्रेम जुळली नाही तर ती दोन वेगळी नेटवर्कं. स्विचचे दिवे लुकलुकतात, पॅकेट येतात-जातात, पण एकाचं दुसऱ्याला ऐकूच येत नाही. मी नव्या मशीनमध्ये ८०२.२ लिहून मोकळी झाले होते, कारण नेटवेअर ३.१२ पासून तोच डीफॉल्ट. आमचा कंट्रोलर त्याच्या आधीच्या काळातला. टीसीपीडंप, म्हणजे वायरवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम, लावून हेक्समध्ये फ्रेम पाहिली: सहा बाइट पत्ता, सहा बाइट दुसरा पत्ता, दोन बाइट लांबी, आणि लगेच एफएफ एफएफ. हा आयपीएक्सचा न वापरलेला चेकसम, म्हणजे कच्ची ८०२.३. त्या जागी ई० ई० ०३ दिसलं असतं तर ८०२.२. एए एए ०३ असेल तर स्नॅप. आणि लांबीच्या जागीच ८१ ३७ असेल तर इथरनेट टू. इंटरफेस पाडला, आयपीएक्स_इंटरफेस कमांडला ८०२.३ सांगून परत उभा केला, कंट्रोलर रीबूट केला, आणि तो लॉगिनला आला.

एफएफ एफएफ सरांना स्क्रीनवर दाखवलं. ते म्हणाले, बरं झालं, आणि चहाला गेले.

तर तुम्ही काय करायचं? ५.१५ ला हात लावू नका. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ४.१४ किंवा त्याच्या आधीचा दीर्घ मुदतीचा कर्नल टाका. तो नव्या जीसीसी कंपायलरवर कंपाइल करत बसण्यापेक्षा त्या काळची डिस्ट्रोच उचला, तिच्या बूट फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये आयपीएक्स=एम आहे का तेवढं पाहून घ्या. स्वतःच बनवणार असाल तर नेटवर्किंग ऑप्शन्समध्ये ते सापडेल, एलएलसी (त्याला लागणारा खालचा थर) त्याच्या मागोमाग आपोआप चालू होतं. खालचा "फुल इंटर्नल नेटवर्क" पर्याय कशासाठी आहे ते ठाऊक नसेल तर बंदच ठेवा. काढलेला कोड गिटच्या इतिहासात आहे, तो नव्या कर्नलवर बसवताही येईल, पण मग दर अपडेटला तुम्हीच त्याचे आईबाप.

सरांचं आणखी एक वाक्य होतं, ते इथेच निकालात काढते: "मॉड्यूल करून ठेव, वापरलं नाही तर डिस्कवर पडून राहील, बिघडतं काय?" पडून राहत नाही. साध्या युजरने त्या प्रोटोकॉलचं सॉकेट मागितलं की कर्नल मॉड्यूल स्वतःहून लोड करतो. आयपीएक्सचं मॉड्यूल तो नेट-पीएफ-४ या नावाने मागवतो. २०१० मध्ये एकोनेटमधल्या भोकांतून साधा युजर रूट होऊ शकत होता, आणि एकोनेट म्हणजे काय हे ज्यांच्या मशीनवर ते पडून होतं त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीतही नसेल. त्यानंतर काही डिस्ट्रोंनी एक्स.२५, डेकनेट, एकोनेट यांचं आपोआप लोड होणं मॉडप्रोब या मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये बंद करून ठेवलं. म्हणून एक्स.२५ कंपाइल करूनही सॉकेट उघडत नसेल तर आधी ती फाइल बघा.

एक सांगायचं राहिलं. ४.१४ चे अपडेट जानेवारी २०२४ मध्ये थांबले, ४.९ चे त्याच्याही वर्षभर आधी. त्या व्हर्च्युअल मशीनला बाहेरचं इंटरनेट देऊ नका, ब्रिजवर फक्त ती जुनी मशीन ठेवा. आणि हा सगळा खटाटोप जुने डॉस गेम एकमेकांशी जोडायला असेल तर वरचं सगळं विसरा. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम आयपीएक्सला यूडीपीत, म्हणजे साध्या आयपी पॅकेटमध्ये, गुंडाळून पाठवतो, त्याला कर्नलकडून काही लागत नाही. हे खरं तर वरतीच लिहायला हवं होतं.

अडलात तर डॉसच्या नेट डॉट सीएफजी फाइलमधली फ्रेमची ओळ आणि टीसीपीडंपमधले पहिले वीस बाइट इथे टाका. कॉन्फिग जशीच्या तशी उचलली आहे, एवढं मात्र लिहू नका.