लांबलचक गाडीला दोनच दारे का?

प्रश्न : धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याला माझ्या आजोबांचे गॅरेज होते. त्यांच्या पेटीत एका परदेशी मासिकाचे पान सापडले. त्यावर ब्यूक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीचे चित्र आहे, पण साल छापलेले नाही. चित्र पाहून आजी म्हणाली, "इतली लांब गाडी नि दारं दोनच?" मलाही तोच प्रश्न पडला आहे. ही गाडी कोणासाठी बनवली होती आणि तिची अजून एवढी वाखाणणी का होते? चित्रावरून साल ओळखता येईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आजींनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपल्या खानदेशात त्या काळी मोटार घेतली जाई ती साऱ्या घरासाठी. आखाजीला लेकीबाळींना आणायचे, वऱ्हाडाबरोबर जायचे, आजाऱ्याला जळगावला किंवा धुळ्याला न्यायचे. त्यासाठी चार दारे हवीतच. अमेरिकेत मात्र घरची मोठी गाडी दारात असतानाच, केवळ स्वतःच्या हौसेसाठी आणखी एक गाडी घेऊ शकणारा वर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला. या गाडीत ड्रायव्हर ठेवायचा नाही, मालकाने स्वतःच चालवायची. शर्यतीच्या गाडीचा खडखडाट नको, पण मोठ्या गाडीचा सगळा आराम हवा. अशा गाड्यांना तिकडे 'पर्सनल लक्झरी' हे नाव पडले.

ही वाट मळली ती फोर्डच्या थंडरबर्डने. १९५५ ची पहिली थंडरबर्ड दोनच माणसांची होती. पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅकनामारा तेव्हा फोर्डमध्ये होते. त्यांनी चार आसनांचा आग्रह धरला आणि १९५८ मध्ये तशी गाडी आली. दोन आसनी गाडीच्या चाहत्यांना ती रुचली नाही, पण १९६० साली ९० हजारांहून अधिक थंडरबर्ड तयार झाल्या. ब्यूक आणि कॅडिलॅक या गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सकडे तेव्हा तिच्या तोडीचे काहीच नव्हते.

रिव्हिएराची आखणी तेथील डिझाइन प्रमुख बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली झाली. लंडनच्या धुक्यातून पुढे येणारी एक रोल्स-रॉइस पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. तिच्या कडक, सरळ कडा आणि फेरारीचा सडपातळपणा एकाच गाडीत यावा, अशी त्यांची इच्छा होती. नेड निकल्स यांनी तिची रेखाटने केली. गाडी आधी कॅडिलॅकसाठी योजली होती, पण कॅडिलॅकला तिची गरज वाटली नाही. मग कंपनीच्या अंतर्गत चढाओढीत ब्यूकने ती मिळवली. पहिल्या वर्षी, म्हणजे १९६३ च्या मॉडेलच्या, ४० हजारच गाड्या काढायच्या असे ब्यूकने ठरवले आणि ते पाळले.

माझ्या मते तिचे खरे सौंदर्य तिच्यावर जे लावलेले नाही त्यात आहे. तिच्या आधीच्या अमेरिकन गाड्या क्रोमच्या पट्ट्यांनी आणि मागच्या उंच पंखांनी मढवलेल्या असत. रिव्हिएराचा पत्रा मात्र जवळजवळ मोकळा आहे. हाताशी तिची छोटी प्रतिकृती असेल तर पुढच्या मडगार्डच्या टोकापासून बोट मागे फिरवून पाहा : कड सरळ जाते, दारामागे हलकेच वर उचलते आणि मागच्या चाकावर भरदार होऊन खाली उतरते. दारांच्या काचांना चौकट नाही, त्यामुळे सगळ्या काचा उतरवल्या की छप्पर तरंगत असल्यासारखे दिसते. दोन दारांचा उपयोग इथे कळतो. मागच्या दाराची फट पडली असती, तर ही रेघ तुटली असती.

पण मागे बसणाऱ्यांचा विचार झालाच नाही असे नाही. आत चार स्वतंत्र आसने आहेत, आणि लांब दाराला आतून दोन कड्या आहेत : एक पुढच्यासाठी, दुसरी मागच्याने हात लांबवून दार उघडावे म्हणून. आजींना हे जरूर सांगा.

गाडीची लांबी सुमारे ५.२८ मीटर, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बेसेडरपेक्षा जवळजवळ एक मीटर जास्त. आणि अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन दीड लिटरचे, तर हिचे ६.६ लिटरचे व्ही-८, ३२५ अश्वशक्तीचे. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, इंग्रजी एक्स अक्षरासारखी, बाजूच्या पट्ट्या नसलेली होती. त्यामुळे गाडी ठेंगणी ठेवता आली. पण बाजूने धडक बसली तर पत्र्यामागे आधार कमी, हा तिचा दोष मान्य करायला हवा.

पुढे १९६६ मध्ये तिचा आकार बदलला, १९७१ मध्ये होडीच्या टोकासारखी मागची काच आली आणि १९९९ मध्ये हे नाव बंद झाले. त्या नंतरच्या गाड्यांनाही चाहते आहेत, तरी मला पहिल्या तीन वर्षांचीच सर्वांत डौलदार वाटते.

आता तुमच्या पानाचे साल, गाडी पहिल्या तीन वर्षांतली आहे असे धरून. समोरच्या जाळीत चार गोल दिवे उघडे दिसत असतील, तर गाडी १९६३ किंवा १९६४ ची. दिवे कुठेच दिसत नसतील आणि मडगार्डच्या दोन्ही टोकांना फक्त उभ्या जाळ्या असतील, तर ती १९६५ ची. त्या जाळ्यांमागे दिवे एकावर एक लपवलेले असतात. बटण दाबले की विजेच्या मोटारीने जाळीचा वरचा अर्धा भाग वर आणि खालचा खाली सरकतो. मिचेल यांना लपलेले दिवे पहिल्यापासूनच हवे होते, पण ते यायला १९६५ साल उजाडले. चित्र मागच्या बाजूचे असेल तर बंपर पाहा : मागचे दिवे बंपरमध्येच बसवलेले असले, तर तीही १९६५ चीच.