युद्धाची 'निंदा' की 'निषेध'?

प्रश्न असा आलाय की टीव्हीवर खाली जी पट्टी फिरते तिच्यात हल्ली 'भारताकडून हल्ल्याची तीव्र निंदा' असं सर्रास दिसतं, आपल्याकडे तर निंदा म्हणजे कुणाच्या पाठीमागे वाईटसाईट बोलणं, मग हे हिंदीतून उचललंय का आणि मराठीत निषेधच म्हणायला नको का.

हो, निषेधच म्हणायचं. पण 'हिंदीचं आक्रमण' म्हणून विषय मिटवला तर बरंच काही हातचं जाईल.

मराठीत निंदेला कायम नालस्तीची सोबत, निंदानालस्ती. निंदकाचं घर शेजारी असावं अशी म्हणच आहे. म्हणजे निंदा होते ती माणसाची, आणि ती करणाऱ्याचाही त्यात थोडा हलकेपणा दिसतो. 'निंद्य कृत्य' आपण म्हणतो, ते चांगलं रुळलेलं आहे, पण 'कृत्याची निंदा केली' म्हटलं की कानाला खटकतं. हिंदीत बरोब्बर उलट, तिथे निषेध म्हणजे मनाई, रेल्वे स्टेशनवर 'धूम्रपान निषेध'ची पाटी बघितली असेलच. संस्कृतात नि + सिध् म्हणजे अडवणं, रोखणं, त्यामुळे मूळ अर्थ खरं तर हिंदीनेच जास्त धरून ठेवलाय, आपल्याकडे तो 'विधिनिषेध'पुरता उरला (याला कशाचाच विधिनिषेध नाही), बाकी आपला निषेध काळ्या फिती लावून रस्त्यावर उतरला. 'युद्धाचा निषेध' असा मराठी बोर्ड एखाद्या हिंदीवाल्याने वाचला तर त्याला 'युद्धास मनाई' असं काहीतरी वाटेल, आणि ते काही वाईट नाही म्हणा.

पण निंदा हा शब्द सरकारी भाषेत किती सोयीचा आहे ते बघायचं तर २००३ मध्ये जायला लागेल. २० मार्चला अमेरिकेने इराकवर हल्ला सुरू केला. वाजपेयी सरकारची पंचाईत अशी की अमेरिकेला दुखवायचं नाही आणि इकडे विरोधक युद्धाविरुद्ध संसदेने ठराव करा म्हणून अडून बसलेले. विरोधकांना ठरावात 'कंडेम' हवं होतं, सरकार 'डिप्लोर'च्या पुढे सरकायला तयार नाही. कंडेम म्हणजे तुम्ही चुकलात आणि ते आम्ही तोंडावर सांगतोय, डिप्लोर म्हणजे जे झालं ते फार वाईट झालं बुवा. मग तोडगा काय निघाला तर ठराव हिंदीत करायचा आणि शब्द घालायचा 'निंदा'. ८ एप्रिलला लोकसभेत तो एकमताने मंजूर झाला, अध्यक्ष तेव्हा आपले मनोहर जोशी, फौजा लवकर मागे घ्या अशी मागणीही ठरावात होती. निंदा म्हणजे कंडेमच असं विरोधकांना समजता आलं आणि इंग्रजीत मात्र डिप्लोर गेलं. शब्द निसरडा होता, म्हणून तर तो निवडला.

आता मराठी पेपरच्या डेस्कवर रात्री बसलेल्या माणसाचा विचार करा. हिंदी कॉपीवरून बातमी केली तर 'निंदा', इंग्रजीवरून केली तर 'तीव्र नापसंती' किंवा 'खेद', आणि हाताला सवय आहे तसं लिहिलं तर 'निषेध'. ठराव एकच, मथळे तीन, आणि वाचकाला सरकार नेमकं कुठे उभं आहे ते कळायचा मार्गच नाही. डेस्कवरचा माणूस लबाड असायलाच हवा असं नाही, क्रियापद बदललं की बातमी बदलते एवढंच.

त्याच ८ एप्रिलला बगदादमध्ये काय झालं ते बघा. परदेशी पत्रकार जिथे उतरले होते त्या पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकन रणगाड्याने गोळा डागला, रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या तेलेसिंकोचे होसे कोउसो हे दोन कॅमेरामन गेले. त्याच सकाळी अल जझीराच्या ऑफिसवर अमेरिकेचा हवाई हल्ला, त्यात तारिक अय्यूब गेले, आणि या ऑफिसचा नकाशावरचा ठावठिकाणा अल जझीराने आधीच पेंटॅगॉनला कळवून ठेवला होता. हॉटेलातून गोळीबार झाला म्हणून आम्ही उत्तर दिलं असं अमेरिकन लष्कराने सांगितलं, आणि आत असलेले पत्रकार म्हणाले की असा गोळीबार आम्ही ऐकलाच नाही. आता मराठी मथळे करून बघा. 'बगदादच्या हॉटेलात दोन पत्रकारांचा मृत्यू'. 'तोफगोळा लागून दोन पत्रकार ठार'. 'अमेरिकन रणगाड्याच्या माऱ्यात दोन पत्रकार ठार'. तिन्ही खरे, पण पहिल्यात तर हार्ट अटॅकसुद्धा बसेल.

मराठीत 'ठार' हा शब्द असल्याने कर्ता गाळणं फारच सोपं पडतं, 'हल्ल्यात ३० ठार' झाला मथळा, कुणी मारलं विचारायची गरजच वाटत नाही. आणि कोणाला कुठलं क्रियापद द्यायचं याचीही वाटणी ठरलेली असते, आपले धारातीर्थी पडतात, समोरच्यांना कंठस्नान घातलं जातं किंवा त्यांचा खात्मा होतो, आणि जे कुणाच्याच बाजूचे नसतात ते नुसते मृत्युमुखी पडतात, जणू पाय घसरून.

उलटंही होतं, म्हणजे कर्ता उदार मनाने बहाल केला जातो. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, फिरदोस चौकातला सद्दामचा पुतळा पडला आणि 'इराकी जनतेने पुतळा पाडला' असं जगभर दाखवलं गेलं. इराकी लोक घण आणि दोर घेऊन भिडले होते हे खरं, पण पुतळा काही हलेना, शेवटी अमेरिकन मरीन्सनी बंद पडलेले रणगाडे ओढायची गाडी आणली, पुतळ्याच्या गळ्यात साखळी घातली आणि ओढला. त्याआधी एका सैनिकाने पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकन झेंडा टाकला होता, तो मग काढायला लागला. हा चौक त्याच पॅलेस्टाइन हॉटेलला लागून, त्यामुळे कॅमेरे तयारच होते. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये गर्दी, लांबून घेतलेल्यात चौक बराचसा रिकामा. आता 'पाडला' म्हणायचं, 'पाडवला' म्हणायचं की 'ओढून पाडण्यात आला', तुम्हीच ठरवा.

तर ज्यांनी विचारलंय त्यांना सांगतो, पट्टीवर 'निंदा' दिसली की परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर जाऊन मूळ इंग्रजी निवेदन काढा, पाच मिनिटांचं काम आहे. तिथे कंडेम असेल तर मराठीत निषेध. डिप्लोर असेल तर तीव्र नापसंती. नुसता कन्सर्न असेल तर चिंता, आणि चिंता असताना पट्टीवर निषेध आला असेल तर ती चॅनलवाल्यांनी पदरची घातलेली भर. आणि ते 'कडी निंदा' तेवढं मराठीत आणू नका प्लीज, आपल्याकडे कडी दाराला असते.