बाबांची दुर्बीण आणि भुलीची भीती

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह, गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी) आणि कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून मोठ्या आतड्याची) एकाच दिवशी. भूल घ्यावी की घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्यावर भागवावं, आणि ‘उठलेच नाहीत तर?’ असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, दुर्बिणीच्या खोलीत बरीच वर्षं काढलीत.

नुसती वरची तपासणी फवाऱ्यावर होऊन जाते. उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण पाच-दहा मिनिटांचं काम. कोलोनोस्कोपीत मात्र आतडं फुगवावं लागतं आणि वळणावर दुर्बीण ताणली की कळ येते. दोन्ही एकदम असतील तर भूल घ्या.

ही ऑपरेशनची भूल नव्हे. श्वासनळीत नळी सहसा नसते, श्वास बाबा स्वतःच घेतात. बऱ्याच ठिकाणी प्रोपोफॉल देतात. दुधासारखं पांढरं, शिरेत जाताना झोंबतं, मिनिटाभरात झोप लागते, आणि थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस विचारतो, ‘झालं का?’ (मायकेल जॅक्सन २००९मध्ये याच औषधाने गेला, हे कोणीतरी सांगेलच. त्याला ते घरी, झोप लागावी म्हणून, धड देखरेखीशिवाय दिलं होतं.) गुंगीच्या मिडाझोलमला, वेदनाशामक फेंटानिलला उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही. श्वास अडखळला तर लगेच जबडा पुढे ओढून वाट मोकळी करणारा हात लागतो. म्हणून औषधाचं नाव राहू द्या, डोक्याशी कोण उभं राहणार ते विचारा. दुर्बीण घालणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात.

मला स्वतःला धास्ती असते भरल्या पोटाची. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं की खेळ बिघडतो. एका आजोबांना विचारलं, काही खाल्लंय? ‘कडक उपाशी!’ दारातून मुलगी म्हणाली, ‘आणि सकाळची खारी?’ तर म्हणे, ‘चहात बुडवलेली खारी म्हणजे काय खाणं झालं?’ त्यांची तपासणी दुपारवर गेली. दुधाचा चहासुद्धा जेवणातच धरा, सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून हे जास्तच पाळा. सेमाग्लुटाइड (मधुमेहाचं, वजन कमी करायचंही औषध) चालू असेल तर आधीच सांगा, त्याने पोट आणखी रेंगाळतं. नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या सहसा तीन-चार दिवस आधी थांबवतात. इन्शुलिनचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाबा घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे आईला विचारा. बाबा नाहीच म्हणतील. कवळी घरीच ठेवा, हलणारा दात असेल तर सांगा.

नंतर घशाची बधिरता जाईपर्यंत पाणीसुद्धा नको. २४ तास स्कूटर नाही, कुठल्या कागदावर सही नाही. आणि रिपोर्टबद्दल डॉक्टर बोलतील तेव्हा तुम्ही तिथे थांबा. बाबा व्यवस्थित मान डोलावतील, दोन प्रश्नही विचारतील, आणि संध्याकाळी म्हणतील, ‘डॉक्टर भेटलेच नाहीत.’