“ते चार मार्क कोण कोण बघतं?”

“मॅडम, या वयात हे ऑनलाइन ट्रेनिंग आपल्याला जमायचं नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तरही तयार असतं: होईल सवय, कुणाला तरी शेजारी बसवून करा. माझ्याकडे आलेल्या, एका कंपनीच्या भांडार विभागातल्या गृहस्थांनाही तेच सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय ५४, तक्रार झोपेची. चार कोर्स बाकी आणि रोज सकाळी लाल अक्षरांत ‘प्रलंबित’ असा मेल.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला हवे होते ते पैसे त्यांनी माझ्यासमोरच मोबाईलवरून पाठवले. पासवर्ड टाकला, रक्कम पुन्हा एकदा तपासली, अर्ध्या मिनिटात काम झालं. माझं तयार उत्तर तिथेच बाद.

मग विचारलं, “कोर्स उघडला की नेमकं काय होतं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “शेवटी दहा प्रश्न येतात. माझे चार बरोबर आले. ते चार मार्क कोण कोण बघतं? हाताखालच्या पोरांना दिसतात का?” त्यानंतर एका पोरालाच बसवून ते बटणं दाबून घेत होते, आणि तो बाहेर बोलेल ही धास्ती वेगळीच.

१९८९ मध्ये अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी मांडलं की नवं तंत्रज्ञान स्वीकारताना माणूस दोन गोष्टी पाहतो: ते कामाला येईल का आणि वापरायला सोपं आहे का. त्यांच्या अभ्यासात पहिलीचं पारडं जड निघालं. आपण मात्र ‘सोपं आहे हो’ यातच अडकतो. आणि अब्रूची भीती? ती तर कुणी विचारतच नाही.

त्यांना म्हटलं, प्रशिक्षण विभागाला दोनच प्रश्न लेखी विचारा: मार्क कुणाला दिसतात, चाचणी पुन्हा देता येते का? उत्तर आलं: साहेबांना फक्त ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’ एवढंच दिसतं, चाचणी कितीही वेळा द्या. (सगळीकडे असंच असेल असं नाही, म्हणून विचारायचंच.) हे विभागाने पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं का?

तीन आठवड्यांनी आले ते झोपेचा विषयही न काढता. मोबाईल पुढे केला. रसायनांच्या साठवणुकीच्या धड्यातलं चित्र होतं, आम्ल आणि अल्कलीचे कॅन एकाच फळीवर.

“एक गळला तर काय होईल, सांगा! धड्यातली ही चूक कुणाला कळवायची?”