जुन्या गाडीचा मूळ फिल्टर बॉक्स काढून कोन फिल्टर लावला तर पॉवर किती वाढते?

तुम्ही लिहिलंय: गाडी २५ वर्षं जुनी, १.६ लिटर पेट्रोल, पिकअप गेलाय. एअर फिल्टरचा मूळ प्लास्टिकचा डबा काढून उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर आणि जाड पाइप बसवला तर पॉवर आणि मायलेज किती वाढेल, आणि कोन कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण डबा काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअप ‘गेलाय’ असं तुम्हीच म्हणताय. म्हणजे तो पूर्वी होता, आणि तेव्हाही गाडीला हाच डबा होता. एवढ्याच मुद्द्यावरून आमच्या घरात नऊ वर्षं वाद चालला, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

गाडी बाबांची, कार्बोरेटरची (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), तुमच्यासारखीच १.६ लिटर. पुढे पुढे ती चढावर दम टाकायला लागली. प्लग बदलून झाले, टायमिंग बघून झालं, टॅपेट सेट केले, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. फरक शून्य. दादा सुट्टीला आला, बॉनेट उघडलं आणि फिल्टरच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाला, “हिचा गळाच आवळलाय.” दुसऱ्या दिवशी डबा निघाला आणि त्याच्या जागी कोन बसला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून, जेमतेम वीतभर अंतरावर.

संध्याकाळी आम्ही तिघं चक्कर मारून आलो. आवाज भारदस्त झाला होता, आणि गाडी आधीपेक्षा बरी ओढत होती हेही खरं. मला तेव्हाही ते जाणवलं होतं. दादा म्हणाला, “बघा, कोनने पॉवर दिली की नाही?” बाबा मागे बसले होते. ते एवढंच म्हणाले, “नवी होती तेव्हा हा चढ ती तिसऱ्यात चढायची. तेव्हा कुठं होता तुझा कोन?” दादाने ते उडवून लावलं. वयानुसार माणसाला जुनं सगळं चांगलंच आठवतं, असं काहीतरी बोलला. ते मला फार लागलं. ज्या माणसाने अठरा वर्षं ती एकच गाडी चालवली, कुठला टॅपेट वाजतोय ते जो बंद खिडकीतून सांगायचा, त्याला गिअर आठवणार नाही? पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून गप्प बसले.

डबा मात्र बाबांनी भंगारात जाऊ दिला नव्हता. नऊ वर्षांनी माळा आवरताना तो माझ्या हाती लागला. पुसताना नळीच्या आत बघितलं आणि सगळा उलगडा झाला.

त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या डब्याला दोन तोंडं असतात. एक पुढून बाहेरची थंड हवा घेतं, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या पत्र्याखालून गरम हवा घेतं. मध्ये एक झडप. इंजिन थंड असताना पेट्रोल नीट वाफावं आणि कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून आधी गरम हवा द्यायची, नंतर थंडीकडे वळायचं, असा तो हिशोब. आमच्या गाडीत ही झडप मेणाच्या कुपीवर चालायची. मेण तापून फुगलं की झडप थंड बाजू उघडते. कुपी निकामी झाली की स्प्रिंग झडपेला कायम गरम बाजूला दाबून ठेवते. आमची झडप तशीच अडकलेली होती. हेअर ड्रायर लावून बघितला, जागची हलली नाही. म्हणजे ती गाडी कितीतरी वर्षं, भर उन्हाळ्यातसुद्धा, एक्झॉस्टवरून तापून आलेली हवा ओढत होती. दादाचा ‘गळा आवळलाय’ हा अंदाज चुकला होता, पण रोग त्याच डब्यात होता. आणि कोन लावल्यावर गाडी सुधारली, कारण मॅनिफोल्डवरच्या हवेपेक्षा बॉनेटखालची हवा थोडी कमी तापलेली असते.

मग मी मोजायचं ठरवलं. काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची नळी फळीवर यू आकारात बसवली, त्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक कार्बोरेटरच्या अलीकडे होजमध्ये आणि दुसरं उघडं. नळी उंच घ्या, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) इंजिन वरच्या आरपीएमला असताना नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात किती सेंटीमीटरचा फरक पडतो ते शेजारी बसलेल्याने वाचायचं, चालवणाऱ्याने नाही. वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत सुमारे १,०३३ सेंटीमीटर भरतो, म्हणजे १० सेंटीमीटर अडथळा म्हणजे साधारण १ टक्का. मूळ डब्याने दाखवले २२, कोनने १३. ज्या ‘आवळलेल्या गळ्या’साठी एवढं सगळं झालं, तो मोकळा केल्यावर हाती आलं ते १ टक्क्याहूनही कमी.

आता तापमान. बाहेर २९ अंश होतं. अडकलेल्या झडपेच्या डब्यात ७१, कोनच्या तोंडाशी ५४, आणि झडप थंड बाजूला आणल्यावर त्याच डब्यात ३३. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३३ च्या तुलनेत ५४ अंशाची हवा ६ टक्क्यांहून अधिक विरळ, ७१ ची ११ टक्के. पॉवर अगदी तेवढीच पडत नाही, कारण मॅनिफोल्डमध्ये शिरल्यावर हवा तशीही तापते. पण कोनने ज्या बाजूने १ टक्का दिला, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या बाजूने काढून घेतला, हे उघड आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा वेळही घेतला, एकाच रिकाम्या रस्त्यावर, जाताना-येताना दोन्हीकडून, प्रत्येकी सहा वेळा, आणि सरासरी काढली: अडकलेला डबा ११.४ सेकंद, कोन १०.७, दुरुस्त डबा १०.२.

आवाजाबद्दलही बोलते, कारण खरी फसगत तिथेच होते. डब्याला जोडलेली ती रिकामी पेटी, जी लोक ‘फालतू’ म्हणून कापून टाकतात, ती हवेच्या धक्क्यांचा आवाज मारते. ती गेली की थ्रॉटल दाबल्याबरोबर इंजिन ओरडतं, आणि शरीराला तो जोर वाटतो. म्हणून कानावर विश्वास ठेवू नका, घड्याळ लावा.

तुमची गाडी कार्बोरेटरची की इंजेक्शनची, ते तुम्ही लिहिलं नाही. खरं तर पहिली ओळ तीच हवी होती. कार्बोरेटरची असेल तर आधी झडप बघा. कोन लावून हवा बदललीत आणि जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) तेच ठेवलेत, तर मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आमच्या गाडीचे प्लग बदामी असायचे, कोननंतर पांढरट पडले होते, आणि चढावर नॉकिंग (इंजिनातून टकटक आवाज) येत होतं. इंजेक्शनची असेल आणि हवा मोजणारा गरम तारेचा सेन्सर असेल, तर त्याचं गणित त्याच व्यासाच्या पाइपवर बसवलेलं असतं. पाइप जाड केला की माप चुकतं. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल जास्त झालं तर तारेवर जाऊन बसतं, ते वेगळंच. सेन्सरनंतरचा रबरी होज वाकवून त्याच्या घड्या नीट बघा. २५ वर्षांत तिथे चिरा पडतात, न मोजलेली हवा आत जाते, आणि पिकअप नेमका असाच जातो.

मायलेजचं विसरा. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा, अर्धवट बंदच असतो, हवा तिथेच अडते, मागे कोन असो की डबा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरवर चाचण्या घेतल्या. इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, पिकअपमध्ये मात्र पडला. तेव्हा चांगला कागदी फिल्टर वेळेवर बदला. धूळ गाळण्यात तो भरवशाचा आहे, आणि सिलिंडरमध्ये गेलेली धूळ रिंगा खाते.

काही गोष्टी राहिल्या. कॅमशाफ्ट, हेड, एक्झॉस्ट सगळं बदललेलं इंजिन असेल, किंवा टर्बो असेल, तर वरचं बरंच लागू नाही. तिथे मूळ डबा खरोखर कमी पडू शकतो. मी झडप स्क्रूने थंड बाजूला कायमची बसवली, कारण नवी कुपी मिळाली नाही. तुमच्याकडे थंड, दमट हवा असेल तर असं करू नका. बाहेर ५ ते १० अंश असतानाही कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो. आणि थंड हवेच्या नादात कोन खाली बंपरमागे नेऊ नका. ४०० सीसीचा सिलिंडर आणि ९.५ कॉम्प्रेशन असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ४७ मिलिलिटर. साचलेल्या पाण्यातून त्याहून थोडं जास्त पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

४० ते ८० च्या वेळेचे ते तिन्ही आकडे मी दादालाही पाठवले. त्याचा एकच प्रश्न आला: कोनने फरक पडला होता की नाही, तेवढं सांग. पडला होता, दादा, ०.७ सेकंदांचा, आणि तो मी नाकारत नाही. पण झडप थंड बाजूला आणल्यावर त्याच डब्याने १.२ सेकंद कमी केले. नवीन गाडीत ती झडप चालत होती, आणि बाबांना गिअर बरोबर आठवत होता. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः तो चढ तिसऱ्यात चढवला. मी शेजारी बसले होते.